आप्पासाहेबांना केलेला आग्रह

नियमांच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. आमच्या रविवारच्या बेसबॉल लीगमध्ये चार सोसायट्यांचे चार संघ आहेत, पण नियमपुस्तिका वाचून समजलेला कप्तान एकच होता, आणि तो मी! बाकीचे तिघं तिच्यावर चहाचा कप ठेवायचे.

पुण्यात बेसबॉल कुठून आला, असं तुम्ही विचाराल. आमच्या कर्वेनगरातल्या एका रहिवाशाच्या मुलानं अमेरिकेहून हातमोजे, बॅटी आणि तिकडचे सगळे नियम आणले. मुलगा परत गेला, नियम इथंच राहिले. त्यातला एक मला विशेष प्रिय होता. करार संपलेला खेळाडू मोकळा होतो. त्याच्या जुन्या संघानं त्याला लवादाचं आमंत्रण द्यायचं. त्यानं ते नाकारलं आणि दुसरीकडे गेला, तर जुन्या संघाला भरपाई म्हणून नव्या खेळाडूंच्या निवडीत एक जादा पाळी मिळते, तीही सगळ्यांच्या आधी. त्यानं ते स्वीकारलं, तर तो वर्षभर आपल्याच गळ्यात, आणि त्याला संघात काय स्थान द्यायचं ते लवाद ठरवणार.

मला पाहिजे होती हेमा. आमच्याच सी विंगमध्ये ती नव्यानं राहायला आली होती. राज्याच्या संघातून सॉफ्टबॉल खेळलेली, पिचर! एकदा तिला पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारताना गॅलरीतून पाहिलं. वॉचमन दोनदा येऊन भिंत बघून गेला. आमच्याकडे पिचर म्हणून मीच चेंडू टाकायचो आणि समोरचे फलंदाज मला मनापासून धन्यवाद द्यायचे. ही मुलगी आली तर कोथरूडच्या कप्तानाला, गोपाळकृष्णाला, एकदा तरी हरवता येईल, या विचारानं माझी झोप उडाली. पण निवडीच्या पाळीसाठी चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा कोथरूडची पहिली निघाली आणि आमची शेवटची. म्हणजे आता भरपाईच्या पाळीशिवाय गत्यंतर नव्हतं.

सुदैवानं आमच्याकडे आप्पासाहेब होते. फर्स्ट बेसवर, म्हणजे फलंदाज धावत येतो त्या पहिल्या थांब्यावर, उभे राहायचे. उभे राहायचे एवढंच, कारण वाकायला डॉक्टरांनी मनाई केली होती. त्यांचा करार नेमका संपला होता. ते नुकतेच कोथरूडला लेकीशेजारी राहायला गेले होते आणि गोपाळकृष्ण त्यांना रोज गाडीतून फिरवत होता. आप्पासाहेब जाणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी आमंत्रण द्यायचं, त्यांनी नाही म्हणायचं, आणि हेमा आमची!

फक्त आमंत्रण मनापासून दिलेलं हवं, अशी अट होती. नुसता उपचार दिसला तर गोपाळकृष्ण तक्रार करणार आणि संघावर बंदी येणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी ठरवलं की आग्रहच करायचा, आणि असा करायचा की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. शाल आणि नारळ घेऊन सहकुटुंब जायचं. वासंती, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, रिक्षात म्हणाल्या, "ते हो म्हणाले तर?"

मी हसलो. आग्रहाला पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस अजून या शहरात जन्माला यायचा आहे, असं मी त्यांना समजावलं.

आप्पासाहेबांच्या घरी माझी वाणी अशी काही सुटली की मलाच नवल वाटलं. संघ पोरका होईल म्हटलं. फर्स्ट बेसकडे बघवणार नाही म्हटलं. शेवटी तर, "नावाला कप्तान मी आहे, खरे कप्तान आपणच," असंही बोलून गेलो. आप्पासाहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मी नकाराची वाट बघत चकलीकडे हात नेला.

"कप्तान," ते म्हणाले, "बँकेत इतकी वर्षं काढली. निरोपाच्या दिवशीही कुणी राहा म्हणालं नाही. तुम्ही घरी येऊन म्हणालात. मी राहतो."

आणि माझ्यासमोर त्यांनी गोपाळकृष्णाला फोन लावून नकार कळवला. तो पलीकडे, आपली पहिली पाळी वाचली म्हणून, हसत असावा, कारण आप्पासाहेब म्हणाले, "तुम्हालाही आनंद झाला, हे ऐकून बरं वाटलं." परतीच्या रिक्षात वासंतींनी नारळाची रिकामी पिशवी नीट घडी घालून ठेवली. ते तर फारच झोंबलं.

मी हातपाय गाळले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन करून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. कोथरूडहून पहाटे यायचं म्हणजे केवढा त्रास, थंडी किती, अशी काळजी व्यक्त केली. तिसऱ्या दिवशीही केली. त्याचा परिणाम असा झाला की त्यांनी गुडघ्यांचे पट्टे घेतले आणि लेकीला सांगितलं, सख्खा भाऊ इतकं विचारत नाही. मी फोन करणं बंद केलं.

उरला लवाद, म्हणजे नियाजभाई. त्यांचं कॅम्पात चष्म्याचं दुकान आहे. चारही संघांना ते मान्य आहेत, कारण ते चारांपैकी कुठल्याच सोसायटीत राहत नाहीत. खेळाडूनं मागणी सांगायची, संघानं आपलं म्हणणं सांगायचं, आणि लवादानं दोन्हींतलं एक जसंच्या तसं उचलायचं. मधला मार्ग नाही. आमचं म्हणणं होतं की आप्पासाहेबांनी राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसावं. आप्पासाहेबांची मागणी होती कप्तानपद, तेही माझेच शब्द पुराव्याला देऊन.

आता मला त्यांच्या तोंडावर त्यांचे दोष सांगायचे होते. मी चेंडू कसे पायांमधून जातात ते सांगितलं. ते धावतात तेव्हा पंच पाणी पिऊन येतो, हेही सांगितलं. आप्पासाहेब मान खाली घालून ऐकत होते आणि मला स्वतःचीच किळस येत होती. मग नियाजभाईंनी विचारलं, "खरे कप्तान आपणच, हे यांच्या घरी कोण म्हणालं?"

"मीच," मी म्हटलं, "पण ते आपलं, आग्रहाच्या ओघात..."

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात, की खरं बोलून आता पस्तावलात? एकच सांगा. मलाही दोन्हींतलं एकच निवडता येतं."

खोटं म्हटलं तर आमंत्रणच खोटं ठरून संघावर बंदी येणार. मी खरं म्हटलं. कप्तानपद गेलं!

निवडीच्या दिवशी कोथरूडनं पहिल्या पाळीला हेमाला उचललं. आमची पाळी येईपर्यंत यादीत एक दातांचे डॉक्टर उरले होते, तेही रविवारी दवाखाना असतो म्हणाले.

पहिला सामना कोथरूडशीच पडला. नव्या कप्तानांनी स्वतः पिचिंग घेतलं आणि मला फर्स्ट बेसवर उभं केलं. हेमाचे चेंडू आमच्यापैकी कुणाला दिसले नाहीत, फक्त ऐकू आले. हरल्यावर मी तिला भेटायला गेलो. एवढं सगळं होऊन आमचं आजवर एका शब्दानंही बोलणं झालं नव्हतं. मी ओळख करून दिली आणि म्हटलं, "खरं सांगू का, तुम्हाला घेण्यासाठी मी काय काय केलं, ते तुम्हाला कळलं तर..."

"मला?" ती बघतच राहिली. "काका, मी दोन महिने तुमच्याच सोसायटीत राहतेय. निवडीच्या यादीत नाव शेवटच्या दिवशी दिलं, तोवर कुणीतरी विचारेल म्हणून थांबले होते. नुसतं ये म्हणाला असतात तर सरळ तुमच्या संघात आले असते. यादी तर कुणी न विचारलेल्यांची असते."

ओळखदेख नसताना कुणाच्या दारात कसं उभं राहायचं, एवढंच कसंबसं पुटपुटलो.

"तुमच्याकडे घरी जाऊन विचारायची पद्धतच नाही का?"

"आहे ना," मी म्हटलं, "पण ती नको असलेल्या माणसांसाठी आहे."