रोवेनाचं जेवण होईपर्यंत

“ताटांना हात लावू नका, रोवेना जेवतेय अजून.”

पासिताने हे नेहमीसारखंच अख्ख्या खानावळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, आणि ताटं उचलायला आलेल्या मालकीणबाई नानाय लुसिंगने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. टेबलावर चार ताटं होती. तीन चाटूनपुसून रिकामी, चौथ्यात रोवेनाचा अर्धा तळलेला मासा आणि भाताचा ढीग. एकजण जेवत असताना बाकीची ताटं उचलली की त्या जेवणाऱ्याचं लग्न होत नाही, हे फिलिपिन्सच्या इलोइलो बंदरात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रोवेना एकेचाळीस वर्षांची आणि बिनलग्नाची. म्हणून तिच्याबरोबर दुपारी जेवायला बसणाऱ्या ऑफिसातल्या तिघांनी तिच्या लग्नाची राखण स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. घ्या म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती चिडली. रोजच चिडायची. सकाळभर बंदरावरच्या मालाचे कागद तपासायचे, साहेबाचं ऐकून घ्यायचं, आणि मग ही एक वेळ तिची स्वतःची. मासा सावकाश, काटा काटा वेचून खायचा. बाकीच्यांना ते जमत नसे, कारण ते सगळे लग्न झालेले, घरी घाईने गिळायची सवय लागलेली. पासिताचा नवरा कोंबड्यांच्या झुंजीला रविवारी जायचा तो मंगळवारी उगवायचा. जोनेलचं बायकोशी वाजलं की तो ऑफिसच्या बाकावर झोपायचा. बेबेथला तिच्या सासूने अजून एकदाही नावाने हाक मारली नव्हती. आणि ही मंडळी रोवेनाला बुडताना वाचवायला निघाली होती.

त्या दिवशी पगार झालेला. घरचा डबा कुणीच आणला नव्हता आणि रांग दाराबाहेर गेली होती. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या एका प्रवासी जीपनीच्या ड्रायव्हरचा धीर सुटला.

“ताटं तर रिकामी दिसतायत. उठा की आता.”

“उठलो असतो, दादा,” जोनेल म्हणाला, “पण आमच्या मानांगचं लग्न व्हायचंय.” तो रोवेनाला मोठी बहीण मानून मानांग म्हणायचा, आणि मोठ्या बहिणीची अब्रू अशी चव्हाट्यावर मांडायला त्याला काही वाटत नसे.

रांगेत हा निरोप मागे मागे सरकत गेला. इतका वेळ कुरकुरणारी माणसं एकदम मायाळू झाली. ड्रायव्हर म्हणाला, सावकाश होऊ द्या, बाई. त्याच्यामागे उभ्या असलेल्या शाळामास्तरीणबाईंनी वय विचारलं. बेबेथने ते सांगितलं, वर उपकार म्हणून त्यातली दोन वर्षं कापली. शिव्या दिल्या असत्या तर रोवेनाने दुप्पट परत केल्या असत्या. या दयेचं काय करायचं? आता सगळे तिच्या ताटात बघत होते. किती मासा राहिला, किती भात राहिला, याचा हिशोब रांगेत चालला होता.

“उचला ती ताटं,” ती म्हणाली. “मला लग्न करायचं नाही.”

पासिता रांगेकडे वळली आणि हळहळून म्हणाली, “असंच म्हणते बिचारी.”

गप्प बसलं तर बिचारी, बोललं तर जास्तच बिचारी. रोवेनाने ठरवलं, हे जेवण संपवायचं आणि या माणसांच्या तावडीतून सुटायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिने मासा भराभर खाल्ला, आणि तिसऱ्याच घासाला काटा घशात अडकला.

तिने भाताचा गोळा करून न चावता गिळला. काटा गेला. पण डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, आणि तेवढं गावाला पुरलं. कुणी पाठीत गुद्दे घातले, कुणी केळं पुढे केलं. शाळामास्तरीणबाई म्हणाल्या की याला पायाळू माणूसच लागतो. त्याने गळ्यावरून हात फिरवला की काटा उतरलाच म्हणून समजा. इथे कुणी पायाळू आहे का?

नानाय लुसिंगचा चेहरा उजळला. तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. “रेनांते, बाहेर ये. हात धू. नको धूस, तसाच ये.”

रेनांते तिचा थोरला. जहाजाच्या इंजिनावर काम करायचा, सुट्टीवर घरी आला होता. चव्वेचाळिशीचा, दारातून वाकून येणारा माणूस, हाताला कांद्याचा वास. रोवेना मान हलवून सांगत होती की काटा गेला, पण आवाज फुटेना आणि मानेकडे कुणाचं लक्ष नव्हतं. रेनांतेने वर पंख्याकडे बघत तिच्या गळ्यावरून तीनदा हात फिरवला. त्याच्या तोंडावर असा भाव होता जणू त्यालाच काटा लागलाय.

“गेला,” रोवेना म्हणाली. तिचा आवाज नेमका तेव्हाच परत आला. रांगेने टाळ्या वाजवल्या.

इथेच सगळं थांबलं असतं. पण नानाय लुसिंगच्या डोळ्यांसमोर एक बिनलग्नाची बाई आणि एक बिनलग्नाचा मुलगा एकाच टेबलाशी आले होते, आणि साक्षीला अर्धं बंदर. तू अजून जेवला नाहीस, असं म्हणत तिने मुलाला खांदा दाबून रोवेनासमोरच्या खुर्चीत बसवलं. जोनेलने जागा इतक्या झटकन रिकामी केली की खुर्ची पडता पडता वाचली. भात आला, तूर-फणस घातलेला डुकराच्या मांसाचा रस्सा वाडग्यात भरून आला. रांग अर्धं पाऊल पुढे सरकली. पासिताने पदराआड लपवावं तसं रुमालाआड हसू लपवलं.

“रोवेना,” रांगेतून ओळखीचा आवाज आला. तिचे साहेब, व्हियारूस. “आज जरा उशिरा आलीस तरी चालेल बरं का.”

रोवेनाच्या डोक्यात काहीतरी तुटलं. वडिलांच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला जायला तिने याच माणसाकडे अर्धा तास मागितला होता, तेव्हा त्याने कामाच्या शिस्तीवर भाषण दिलं होतं. आईच्या दवाखान्यासाठी मागितला, तेव्हाही तेच भाषण. आणि आता अनोळखी माणसासमोर बसून लाजायला उशीर झाला तरी चालणार होता.

उरलेला मासा तिने शांतपणे, काटा काटा वेचून खाल्ला. शेवटचं शीत संपवलं, पाणी प्यायली. मग उभी राहिली आणि पासिताचं ताट जोनेलच्या ताटावर ठेवलं.

रांग आणखी अर्धं पाऊल पुढे सरकली.

“अगं, तो जेवतोय,” नानाय लुसिंग म्हणाली.

“दिसतंय मला.”

बेबेथचं ताट त्यावर, त्यावर स्वतःचं. पासिता धावली, तिने चळतीची दुसरी कड धरली. दोघी क्षणभर ताटं ओढत उभ्या राहिल्या. “रोवेना, पाप लागेल तुला,” पासिता म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खरोखर घाबरलेला होता. रोवेनाने एकच हिसका दिला आणि चळत तिच्या हातात आली. मग ती पेले गोळा करू लागली. नानाय लुसिंगने छातीवर क्रुसाची खूण केली.

रेनांतेने तोंडातला घास खाली उतरू दिला. रश्श्याचा वाडगा भातावर उपडा केला आणि रिकामा वाडगा रोवेनाकडे सरकवला. तिला पुसता यावं म्हणून कोपरही वर उचललं.

“हाही घ्या,” तो हळूच म्हणाला. “आणि ते चमचे. काही ठेवू नका. सुट्टी संपायला अजून महिना आहे माझी, आणि आई रोज स्थळं आणते.”

रोवेनाने चमचे घेतले. फडकं घेतलं आणि त्याच्या ताटाभोवतीचं सगळं टेबल लख्ख पुसलं.

टेबलाशी आता तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसायला कुणी पुढे येईना. व्हियारूस साहेब घड्याळात बघत बाहेर पडले. नानाय लुसिंग भाताच्या पातेल्याला टेकून उभी होती. रेनांतेने पाय लांब केले, ताट जवळ ओढलं आणि एक एक घास चावून, सावकाश जेवायला लागला.