जनानी संडासाचे तोंड फिरविल्याची हकीकत

स्वस्ति श्री शालिवाहन शके एकोणीसशे सात, क्रोधन नाम संवत्सरे, फाल्गुन मासी, जिंतूर तालुक्यात बोरीनजीक मौजे उखळवाडी येथे जनानी संडासाकारणे जी मोहीम जाहली, ती जैसी घडली तैसी लिहिली असे.

गावच्या लेकीसुनांनी अंधाराखेरीज तांब्या घेऊन घराबाहेर पडू नये, दिवसभर कळ सोसावी, ऐसा पूर्वापार शिरस्ता. त्यावर सरकार मेहेरबान होऊन संडास मंजूर जाहला, आणि सोबत ताकीद आली की मार्चअखेर इमारतीचे तोंड मुक्रर न जाहल्यास मंजुरी माघारी जाईल. मग राजश्री दिनकरराव सरपंच, अखंडित पारनिवासी, यांनी हुकूम केला की तोंड पाराकडे असावे, म्हणजे येत्याजात्यावर आमची नजर राहील. आणि राजश्री भुजंगराव उपसरपंच यांनी तोंड शाळेकडे मागितले, कारण सरपंचांनी पाराकडे म्हटले. मग परभणीचे ओव्हरसियर किशनराव यांनी नकाशा पारावर पसरला, आणि सरपंचांनी तो उलटा धरून बराच वेळ न्याहाळिला आणि तळे नामी जाहले ऐसी तारीफ केली. ते तळे नव्हते, शाई सांडली होती.

तेव्हा किशनरावांनी मसलत दिली की, कागदावर भांडण्यापेक्षा जागेवर बांबू रोवून, कनाती लावून संडास पुऱ्या मापाचा उभारू, बायकांसुद्धा गावाने आत शिरून पाहावे, मग तोंड ठरवावे. लिंबाजी मांडववाले कनातींसह रुजू जाहले, सरपंचांच्या हुकुमाप्रमाणे तोंड तूर्त पाराकडे ठेविले, आणि आश्रुबा शिपायास दवंडीचा हुकूम जाहला की बायकापोरांसकट सर्वांस बोलवावे. आता बायकापोरांसकट बोलावण्यास आश्रुबापाशी एकच शब्द होता. त्याने गावभर ‘चूलबंद आवतन’ दिले.

दुसरे दिवशी एकाही घरातून धूर निघाला नाही, आणि ज्या ग्रामसभेस कुत्रे फिरकत नसे, तीस अवघा गाव हाती तांब्या घेऊन जेवावयास लोटला. सरपंच आश्रुबावर गरम जाहले, परंतु मांडव उभा आणि पंगत नाही ही बेअब्रू कोण घेतो? मग त्यांच्याच घरून तूरडाळ निघाली आणि वरणास आधण पडले.

सारजाबाई, वयाने सर्वांत थोर, म्हणाल्या, “वरण शिजस्तोवर तुमचा महाल बघू द्या.” त्या आत शिरल्या, बसल्या, आणि आतूनच बोलल्या, “दिनकरराव, तुमची मिशी दिसायलीय मला. कातरायला झाली हाय.”

सरपंच पारावर आणखी ऐसपैस बसले. मग त्यांची सून नर्मदाबाई पदर सावरून, तांब्या घेऊन आत गेली, आणि पडद्याच्या फटीतून पाहते तो समोर पारावर साक्षात मामंजी. सासऱ्यासमोरून तांब्या घेऊन निघावे ऐसी रीत कोण्या घरी नाही. सबब ती आतच राहिली. वरण शिजले, निवले, पोरे रडू लागली, तरी ती निघेना. सरपंचांची सून उपाशी असता पहिला घास कोणी घ्यावा?

“उठा की जरा पारावरून,” सारजाबाई म्हणाल्या. “लेकरू कवाधरून आत बसलंय.”

परंतु भुजंगराव एक पाय पारावर ठेवूनच उभे होते. “उठा, मालक,” ते आदबीने म्हणाले. “जागा मी सांभाळतो.”

पार सोडावा तर राज्य जाते, न सोडावा तर सून जाते, ऐसा प्रसंग प्राप्त जाहला. मग दिनकररावांनी मिशीवर हात फिरवून निर्वाणीचे फर्मान सोडिले की, आम्ही हलणार नाही, इमारत हलवावी.

तत्काळ लिंबाजींनी बांबू उपटिले आणि सून आत असताच कनात तिच्याभोवती फिरवून दार पश्चिमेस, बाभळींकडे केले. नर्मदाबाई तिकडून निघाली आणि बायकांत जाऊन बसली. पार सुटला नाही म्हणून सरपंच जिंकले, तोंड पाराकडे राहिले नाही म्हणून भुजंगराव जिंकले, आणि दोन्ही फौजांनी निवलेले वरण भुरकीत पश्चिमेचा ठराव सर्वानुमते मंजूर केला.

पुढे विटांची इमारत तैसीच उठली. ती खुली जाहली त्या दिवशी पारावर सारे सरदार हजर असता, भर दुपारी, लख्ख उन्हात नर्मदाबाई गेली आणि परतली. पारावरून कोणास काही दिसले नाही. ही फत्ते जाहली, ऐसे नमूद असे.