पाठमोऱ्या सगुणाबाई

एका जंगलात, बाळांनो, बिळात सामान ठेवणं गावंढळ ठरलं होतं. सगळे आपलं किडूकमिडूक ढगात ठेवत. पूर्वेला एक ढग, पश्चिमेला एक. काही हवं झालं की टेकाडावर उभं राहायचं, आपली खूण सांगायची आणि एका ओळीत हुकूम सोडायचा. ढग वस्तू खाली टाकी. खूण चुकली तर नुसता गुरगुरे.

सगुणाबाई या मुंगूसबाईंनी मुंगूसवेलीची मुळी पश्चिमेच्या ढगात ठेवली होती. एके सकाळी नाग त्यांच्या बिळाच्या तोंडाशी येऊन बसला. बाई बाहेर, आत तीन पिल्लं. मुळी खाल्ल्याशिवाय नागाशी भिडू नये, हे मुंगसांत तान्ह्यालाही कळतं. त्या धावत टेकाडावर गेल्या आणि हुकूम सोडला.

"ओळख पटली नाही," ढग म्हणाला.

अडल्यानडल्यांच्या मदतीला कोल्होबा नेमलेले होते. त्यांनी जुनी खूण पुसून नवी दिली. पटली नाही. मग मिशा धुवून या म्हणाले. मग नाव सावकाश सांगा म्हणाले. शेवटी, एकदा जंगलाबाहेर जाऊन परत आत या, बऱ्याचदा तेवढ्यानं होतं, असंही सुचवलं. बाईंनी तेही केलं. पिल्लांच्या काळजीनं जीव टांगणीला लागलेला. आपण सगुणाच आहोत ना, अशी आता त्यांनाच शंका यायला लागली.

खाली एक गाढव चरत होतं. ते म्हणालं, "बाई, मुळी पश्चिमेला ना? मग पूर्वेच्या ढगाला काय विचारताय? त्याच्याकडे तुमचं नावच नाही."

आता त्याचं असं होतं. पूर्वेला सिंहमहाराजांची गुहा. बोलताना तोंड महाराजांकडे हवं, ही त्या जंगलाची रीत. त्यामुळे प्रत्येक हुकूम आपोआप पूर्वेच्याच ढगाकडे जाई. कोल्होबांना हे ठाऊक होतं. पण राजाकडे पाठ करा, असं सांगून नोकरी कोण घालवणार?

सगुणाबाई गर्रकन वळल्या. तीच खूण, तोच हुकूम. मुळी टपकन पडली. ती चावतच त्या घरी गेल्या आणि नागाला त्यांनी असा पिटाळला की तो वेशीपलीकडेच थांबला. पिल्लं सुखरूप होती.

संध्याकाळी राजाचे शिपाई आले. महाराजांना पाठ दाखवल्याबद्दल बाई हद्दपार.

"पण ती मीच, हे कशावरून?" बाईंनी विचारलं.

"शेपटीवरून," शिपाई म्हणाला. "लांबूनच ओळखलं."

तात्पर्य : दरबारी ओळख पटत नसेल, तर उगाच खेटे घालू नयेत. एखादा गुन्हा करावा.