गणपतराव मॅपवर येतात

गणपतरावांनी कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं ते आण्णांमुळं. नाहीतर साठी ओलांडलेला माणूस, पेन्शन वेळेवर, दूध दारात, त्याला काय नडलंय हो?

पण नडलं होतं. गणपतरावांची सगळी नोकरी एसटी स्टँडावर चौकशीच्या खिडकीत गेली. गडहिंग्लजची गाडी कुठं लागते, जयसिंगपूरची शेवटची कधी सुटते, वाडीला थेट आहे का, हे त्यांनी अख्ख्या जिल्ह्याला सांगितलं. (ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही सांगितलं.) अशा माणसाचं स्वतःचं घर मात्र कुणाला सापडत नसे. पत्ता सांगायचे तो असा: "तालमीपास्नं आत या, गिरणीवरनं डावीकडं, म्हस बांधलेली दिसंल तिथनं उजवीकडं." म्हैस चोवीस तास तिथंच असती तर काही प्रश्न नव्हता. पण म्हैस ती, दुपारी नदीला जायची.

गेल्या वर्षी त्यांच्या अनुजाला बघायला जयसिंगपूरचे पाहुणे निघाले, आणि म्हैस नदीला गेलेली. पाहुणे चुकून त्याच गल्लीत आण्णांच्या दारात जाऊन उभे राहिले. आण्णा म्हणजे गणपतरावांचे चुलतभाऊ. त्यांनी "या की पावणं" म्हणून पाणी दिलं, पोहे दिले, आणि गणपतराव शोधत शोधत पोचेपर्यंत आण्णांची थोरली पसंतसुद्धा झाली होती. अनुजा म्हणाली, "बरं झालं, सुटले मी." पण गणपतरावांच्या मनाला ते फार लागलं. आण्णा तर प्रत्येक सणाला जावयाला घेऊन मुद्दाम त्यांच्या दारावरनं जायचे.

आणि आता परत तोच प्रसंग आला. अनुजा माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती, तिथंच धैर्यशील होता. दोघांचं आपसात ठरलेलं. मुलगा गडहिंग्लजचा, निर्व्यसनी, मुलीला जीव लावणारा. पण त्यांच्या घरात शब्द चालायचा तो आजीचा, चिमणाबाईंचा. आजी येणार, घर बघणार, माणसं बघणार, मग काय ते हो का नाही. "बाबा, एवढं एक नीट होऊ दे," असं अनुजा हात जोडून म्हणाली होती. त्यात आण्णांची धाकटी निशिगंधाही आता लग्नाला आलेली. म्हणजे या वेळी म्हशीवर विसंबून चालणार नव्हतं.

वाचनालयाच्या माडीवर ज्येष्ठांसाठी इंटरनेटचा वर्ग सुरू झाला होता. शिकवायला अंतरा नावाची तरुण मॅडम. गणपतराव पहिल्या बाकावर बसले. पहिल्या दिवशी माऊस त्यांनी असा दाबून धरला, की जणू सोडला तर तो बिळातच पळणार होता. पण पंधरवड्यात ते वर्गातले सगळ्यात हुशार विद्यार्थी झाले. (हे त्यांचं स्वतःचं मत.) मॅडमनी काही विचारलं की ते उभे राहून स्टँडावरच्या आवाजात उत्तर द्यायचे, आणि तेही दोनदा.

एके दिवशी मॅडमनी सांगितलं, "कुणाला घरी बोलवायचं असेल तर हे बटण दाबून नुसतं लोकेशन पाठवा. झालं." मॅपवर एक लाल ठिपका दिसला.

गणपतरावांना ठिपका पटला नाही. बापजाद्यांचं घर आणि त्याचा नुसता ठिपका? शेजारी बघावं तर तालमीला नाव होतं, गिरणीला नाव होतं. कोपऱ्यावरच्या सलूनलासुद्धा नाव, फोटो, वेळ, सगळं होतं!

"मॅडम, आमचं बी नाव पायजे मॅपवर."

"काका, ते दुकानांसाठी असतं. पुढच्या आठवड्यात घेऊ आपण."

पण पाहुणे याच रविवारी येणार होते. मग गणपतरावांनी पुढचा धडा घरी स्वतःच घेतला.

फोनवर त्यांनी 'नवीन ठिकाण जोडा' दाबलं. फोननं विचारलं, नाव काय? त्यांनी घातलं, गणपतराव. ठिकाणाचा प्रकार कोणता? आता यादीत दुकान होतं, दवाखाना होता, देऊळ होतं, पण साधं राहतं घर काही नव्हतं. खाली जाता जाता 'घरगुती जेवण' दिसलं. गणपतरावांनी विचार केला, घर आहे, जेवणही घरातच होतं, यात खोटं काय? दाबलं. उघडायची वेळ? चोवीस तास, पावण्याला दार कधी बंद असतं काय! बसायची सोय? आहे. फोन नंबर? स्वतःचाच घातला. फोटो? बायकोनं, पद्मजाबाईंनी, गेल्या रविवारी वाढलेल्या ताटाचा होता, भाकरी, सुकं मटण, तांबडा-पांढरा रस्सा, तोच चढवला. गाडी लावायला जागा? 'म्हस नसली तर आहे' असं लिहायचं होतं, पण तिथं नुसतं होय-नाही होतं, म्हणून होय. एकेका प्रश्नाला खरं उत्तर देत देत माणूस खड्ड्यात कसा उतरतो ते बघा.

दोन दिवसांनी ठिकाण मंजूर झाल्याचा निरोप आला. गणपतरावांनी लगेच गडहिंग्लजला फोन लावला. "पत्ता लिहून घिऊ नका. मॅपवर नुसतं गणपतराव टाका, सरळ दारात!" अनुजाला मात्र त्यांनी काही दाखवलं नाही. पाहुणे न चुकता दारात आले की पोरगी कशी थक्क होते ते त्यांना बघायचं होतं.

रविवार उजाडला. पद्मजाबाईंनी पहाटेपासून स्वयंपाकघर डोक्यावर घेतलेलं. अनुजा साडी नेसायला मागच्या गल्लीत विठाबाई मावशीकडं गेली. धैर्यशील ड्युटी संपवून मागनं मोटरसायकलवर येणार होता. गणपतराव इस्त्रीचा सदरा घालून उंबऱ्यात उभे. आणि बारा वाजायच्या सुमाराला एक गाडी थेट दारात थांबली. चष्मेवाले गृहस्थ, त्यांची बायको, एक बहीण आणि एक म्हातारी उतरली. सगळ्यांच्या कपाळाला अंबाबाईचं कुंकू, गृहस्थांच्या हातात नारळ.

"गणपतराव इथंच ना?"

"हितंच! घर घावायला तरास?"

"छे! मॅपवर टाकलं, सरळ इथं."

त्या क्षणी गणपतरावांची छाती अशी फुगली, की सदऱ्याचं वरचं बटण तुटलं. आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. आमच्या कोल्हापुरात दारात आलेल्याला 'तुम्ही कोण?' म्हणून विचारत नाहीत. आधी पाणी, मग जेवण. ओळख काय, निघते की बोलण्यातनं. आणि नारळ हातात घेऊन कोण येतं? तुम्हीच सांगा.

"लगेच बसलो तर चालेल ना?" गृहस्थ म्हणाले. "भूक लागलीय फार."

पाहुणे मोकळे आहेत, गणपतरावांना बरं वाटलं. ताटं मांडली. पद्मजाबाईंनी आग्रह करकरून वाढलं. म्हातारीला दात कमी, तर गणपतरावांनी स्वतः तिच्या ताटात भाकरी कुस्करली. "आजी, वाईच पांढरा घ्या की! लाजायचं न्हाई. आपलंच घर हाय."

"स्वयंपाक कोण करतं हो?" गृहस्थांच्या बायकोनं विचारलं.

"आमची मुलगी." (अनुजानं फक्त कोथिंबीर निवडली होती. पण अशा प्रसंगी कोथिंबीर निवडणं म्हणजेच स्वयंपाक धरतात.) "एमेस्सी हाय. शिवाय नोकरी."

"अगं बाई! नोकरी करून हे सगळं?"

"लहानपणापास्नं सवय हाय तिला."

बाईंनी मुलीच्या नावानं हळहळून परत रस्सा मागितला. गृहस्थ म्हणाले, "किती वर्षं चालू आहे तुमचं हे, लोकांना जेवू घालणं?"

"आजोबांपास्नं! ह्या दारातनं कोण उपाशी गेलेला न्हाई."

पातेलं खरवडेपर्यंत जेवण चाललं. मग गृहस्थांनी ढेकर दिला, हात धुतला आणि खिशात हात घालून म्हणाले, "बोला, किती द्यायचे?"

गणपतरावांचा चेहरा गंभीर झाला. देण्याघेण्याचं बोलणं आलं होतं, आणि उलटं मुलाकडचेच विचारत होते. केवढी मोठी माणसं! "पावणं, आमच्यात देण्याघेण्याची पद्धत न्हाई."

"म्हणजे? काहीच नाही?"

"मुलगी आन् नारळ! बस्स!"

गृहस्थांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं नवऱ्याकडं असं बघितलं, की तो चांगला दोन पावलं मागं सरकला. "नारळ आमच्याजवळ आहे," ते चाचरत म्हणाले. "मुलीचं काय म्हणालात?"

तेवढ्यात अनुजा साडी सावरत दारात आली, थबकली आणि म्हणाली, "बाबा, ही कोण माणसं?"

पुढचं काय सांगायचं! पाहुणे नाशिकचे, अंबाबाईच्या दर्शनाला आलेले, तांबडा-पांढरा शोधत होते. त्यांनी फोन काढून दाखवला. त्यात गणपतरावांचं नाव, गणपतरावांचं ताट, उघडे, चोवीस तास. पद्मजाबाई मटकन खाली बसल्या. नाशिककर बिचारे शरमले, पैसे घ्या म्हणून हातापाया पडले. पण गणपतराव पैशाला शिवले नाहीत. जेवू घालून पैसं घ्यायचं, म्हंजे खरीच खानावळ व्हायची, म्हणाले.

नाशिककर गेले आणि फोन सुरू झाले. पार्सल मिळंल काय? दहा माणसं बसतील काय? कॉलेजची दोन पोरं तर दार ढकलून सरळ आत आली आणि पंख्याखाली बसली. त्यांना घालवेपर्यंत गणपतरावांचं डोकं पार तापलं. ते उंबऱ्यात आडवे हात लावून उभे राहिले. आता एकालाही आत सोडणार नव्हते.

एवढ्यात एक नऊवारीतली म्हातारी आणि मागं दोन फेटेवाले गल्लीतनं येताना दिसले.

"गणपतरावांचं घर ह्येच न्हवं?" म्हातारीनं विचारलं.

"बंद हाय!" गणपतराव स्टँडावरच्या आवाजात गरजले. "जेवान संपल्यालं हाय! तालमीच्या कोपऱ्यावर खानावळ हाय, तिकडं जावा! जेवान संपल्यालं हाय!"

"आरं पर बाबा..."

"पर न्हाई न् बिर न्हाई. उदारी न्हाई, पार्सल न्हाई. फिरा मागं!"

म्हातारीनं त्यांच्याकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मागं फिरली. चार घरं टाकून आण्णा ओट्यावर बसलेच होते. "या की पावणं," त्यांचा गोड आवाज आला, "उनातान्हाचं कुठं हिंडताय? पाणी तर घ्या."

दोनच मिनिटांत धैर्यशीलची मोटरसायकल दारात थांबली. "काका, आजी पोचली का? दादा आणि चुलतेही आहेत बरोबर. नऊवारीत आहे आजी."

गणपतरावांनी कपाळावर हात मारला. मग ते अनवाणी पळाले. मागं पद्मजाबाई, त्यांच्या मागं धैर्यशील आणि सगळ्यात शेवटी निऱ्या हातात धरलेली अनुजा. आण्णांच्या सोप्यात चिमणाबाई पोहे खात होत्या, आणि निशिगंधा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आण्णा हसले. ते हसणं गणपतरावांनी गेल्या वर्षीही बघितलं होतं.

गणपतरावांनी तोंड उघडलं. पण अनुजानं त्यांना हातानं मागं सारलं.

अनुजाच पुढं आली. आजीच्या पाया पडली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या वाटणीचं मटण नाशिकच्या लोकांनी खाल्लं. बाबांनी मॅपवर आमच्या घराची खानावळ करून ठेवलीय, आणि त्या लोकांना बाबा तुम्हीच समजले. बाबांनी तुम्हाला हाकललं, पण ते मनानं तसे नाहीत." एवढं बोलून तिला रडू आलं, आणि रडता रडता हसू आलं.

चिमणाबाईंनी बशी खाली ठेवली. "म्हंजे त्यास्नी नाव न इचारता पातेलंभर मटण वाढलं?"

"व्हय," गणपतराव खाली मान घालून म्हणाले.

"आन् आमास्नी नाव न इचारता हाकाललं?"

"व्हय."

"म्हंजे ह्यो माणूस नाव इचारतच न्हाई!" आजी धैर्यशीलकडं वळल्या. "पोरगी चांगली हाय. खरं बोलती, आन् येळंला बापाची बाजू घेती. मला पसंत हाय. बापाचं काय, त्यो कुठं आपल्या घरात ऱ्हायला येणाराय!"

अनुजा आजीच्या गळ्यातच पडली. निशिगंधानं चहा दिला, तोही तिला डोळा मारून. आण्णांनी स्वतःच्या पैशानं पेढे आणले. त्यांना ते आणावेच लागले.

सगळं कसं छान जुळलं. पण त्याच संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर आण्णांनी फोन काढला आणि नाशिककरांनी लिहिलेला अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवला: "पाच स्टार. जेवण अप्रतिम. मालक प्रेमळ, पण फार बोलतात. शेवटी मुलगी आणि नारळ देऊ करतात, अविवाहितांनी सांभाळून जावे." पेठेत दुसरा विषय उरला नाही.

गणपतरावांनी त्याच दिवशी ठरवलं, हे ठिकाण काढून टाकायचं. अंतरा मॅडम म्हणाल्या, "काका, उद्या वर्गात या, मी काढून देते." पण वर्गातल्या सगळ्यात हुशार विद्यार्थ्यानं असल्या फुटकळ कामाला मॅडमला कशाला त्रास द्यायचा? त्यांनी घरीच फोन उघडला. तिथं काय काय पर्याय होते. एक 'तात्पुरते बंद', एक 'कायमचे बंद'. गणपतरावांना अर्धवट काम आवडत नसे.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी गणपतराव आरशासमोर फेटा बांधत मांडववाल्याला ओरडून सूचना देत होते, तेवढ्यात गडहिंग्लजहून फोन आला. पद्मजाबाईंनी स्पीकर लावला. पलीकडं चिमणाबाई, आवाज कापरा.

"पद्मजा, आगं काय झालं गं ह्ये? पोरांनी गाडीत बसून मॅप लावला, तर त्यात लिव्हलंय, गणपतराव, कायमचे बंद! कवा झालं? आमास्नी कळवायचं न्हाईस व्हय? आता साखरपुडा म्होरं ढकलायचा का?"

"आजी, मी हाय की!" फेट्याचं एक टोक दातात धरून गणपतराव ओरडले. "जित्ता हाय! जित्ता हाय!"

पद्मजाबाईंनी शांतपणे फोन तोंडाजवळ घेतला. "काय काळजी करू नका आजी, या तुम्ही. चालू हाईत. पहाटेपास्नं चालूच हाईत. कसं बंद करायचं त्ये त्या मॅडमलाबी ठावं न्हाई."