घोयऱ्याच्या पोटातला हिंगा

"किड्यांच्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या बोरिवलीत कुणी नाही!"

हे वाक्य मी त्रेपन्न सालच्या श्रावणात, मार्तंडराव कर्णिकांच्या ओसरीवर, चहाची बशी हातात धरून, छाती पुढे काढून म्हटलं. आणि मंडळी, ते अगदीच खोटं नव्हतं हो! मी धान्याच्या गोदामात कारकून होतो. सोंडे, टोके, पोरकिडे, जाळी धरणाऱ्या अळ्या, सगळ्यांशी माझी रोजची उठबस. फक्त हे सगळे किडे तांदळात आणि गव्हात राहणारे होते. उघड्यावरचा, झाडावर बसणारा, उडणारा किडा मी लहानपणानंतर नीट बघितलाही नव्हता. पण एवढा तपशील कोण सांगत बसतो? आणि तोही कुठे, तर जिथे मुलीला मागणी घालायची आहे त्या घरी!

मुलगी म्हणजे नीला. तिचा होकार मला होता, माझा तिला होता. अडलं होतं ते मार्तंडरावांपाशी. ते निवृत्त शास्त्रशिक्षक. लग्नाचा विषय काढला की ते बागेतल्या फुलपाखरांकडे बघायला लागत. त्यांचा जीव फक्त एका प्राण्यात होता, तो म्हणजे दिवाणजी.

दिवाणजी हा घोयरा. घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा सरडा, वीतभर लांब जीभ सोडून किडे टिपणारा. एक डोळा आपल्याकडे, दुसरा फाटकाकडे आणि चाल अशी की हे पाऊल टाकू की नको या विचारातच दुपार व्हावी. त्याच्यासाठी ओसरीवर तारेचा मोठा पिंजरा होता आणि आत जास्वंदीची फांदी.

"किडे ओळखता म्हणता?" मार्तंडराव प्रथमच माझ्याकडे नीट बघत म्हणाले. "मग एक करा. मी दोन दिवस पुण्याला भावाकडे जातोय. दिवाणजींना तुम्ही सांभाळा. आमच्या मंडळी सरड्याला शिवत नाहीत आणि नीला झुरळ बघून कपाटावर चढते."

"आनंदाने!"

"नाकतोडे चालतील, माशा चालतील, वाळवी चालेल. हिंगा, तो विषारी भुंगेरा, मात्र चुकूनही नको. एक हिंगा पोटात गेला तर दिवाणजी संपले. हिंगे ओळखता ना?"

"हिंगे? आमच्या गोदामात पोत्यानं असतात!"

मार्तंडरावांनी भुवया उंचावल्या. हिंगा धान्यात कधीच नसतो, हे मला फार नंतर कळलं. त्यांना ते तेव्हाच ठाऊक असणार. पण गाडीची वेळ झाली होती. जाताना ते एवढंच म्हणाले, "परत आल्यावर तुमच्या त्या विषयाचं बोलू." त्या विषयाचं! मी हवेत तरंगत घरी गेलो.

पहिला दिवस झकास गेला. कर्णिकांच्या शेजारी धोंडू राहायचा. मूळचा मालवणकडचा, गिरणीत दुसरी पाळी करायचा आणि सकाळी मार्तंडरावांची बाग बघायचा. त्याने कुंपणाच्या कोपऱ्यात दोन कुदळी मारून वाळवी काढून दिली. दिवाणजींनी फटाफट जीभ चालवली. मी नीलाला म्हणालो, "बघितलंस? तंत्र असतं!"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून सकाळी हजर झालो. "धोंडू, काढ वाळवी!"

धोंडूने दोन्ही हात कानांना लावले. "आज माती उकरूची नाय. नागपंचमी आसा. खणूचां नाय, कापूचां नाय, चिरूचां नाय."

"अरे, दोन कुदळी फक्त!"

"एक पण नाय. नागोबाक लागला तर?" असं म्हणून तो देवळात निघून गेला.

नीलाची आई, रत्नप्रभाबाई, पहाटेच कांदिवलीला बहिणीकडे नागपंचमीला गेल्या होत्या. घरात मी, नीला आणि भुकेले दिवाणजी. ते एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते आणि दुसऱ्यानेही माझ्याकडेच बघत होते!

नाकतोडा धरायला गेलो तर तो शेजारच्या आवारात. माशी धरायला गेलो तर चापट माझ्याच गालावर. नीला खिडकीतून म्हणाली, "तंत्र कुठे गेलं?" तेवढ्यात बागेतल्या जास्वंदीच्या फुलावर एक गुबगुबीत किडा दिसला. काळा, त्यावर नारिंगी पट्टे, अगदी सणाचे कपडे घातल्यासारखा. एक पंख अर्धा फाटलेला होता, त्यामुळे बिचाऱ्याला उडता येत नव्हतं. मी त्याला कागदाच्या चिमटीत धरला.

"हा कोण?" नीलाने विचारलं.

आता काय सांगणार? "हा फूलकिडा. अत्यंत पौष्टिक!"

पिंजऱ्याचं दार उघडलं, वाकलो, कागद पुढे केला. सप्प! जीभ आली, किडा गेला. मी तसाच वाकून पिंजऱ्यातल्या वाटीतून सांडलेलं पाणी पुसलं, दार लावलं आणि मोठ्या समाधानाने हात धुतले.

तासाभराने धोंडू प्रसादाचे फुटाणे घेऊन आला. त्याने जास्वंदीकडे बघितलं आणि ओरडला, "अरे देवा! हिंगे इले!"

"कुठे?"

"हे काय, काळे, नारिंगी पट्ट्याचे! हात लावू नकात, अंगाक लागलो तर फोड येतत!"

मी वाकून बघितलं. फुलावर माझ्या त्या पौष्टिक फूलकिड्याचे तीन भाऊ बसले होते.

"धोंडू," मी म्हणालो, "एक मी दिवाणजींना भरवला."

"ह्यां तुमी त्याका भरवलात?" धोंडूच्या हातातले फुटाणे खाली सांडले. नीलाने तोंडावर हात ठेवला. आम्ही तिघंही पिंजऱ्याकडे धावलो. आमचा तो गोंधळ बघून दिवाणजी हिरव्याचे करडे झाले आणि करड्याचे काळे!

"विष चढलं!" मी किंचाळलो. वाट लागली होती. दिवाणजी गेले की मार्तंडराव गेले, मार्तंडराव गेले की नीला गेली. नीलाचे डोळे भरून आले होते आणि खरं सांगतो, त्यात मला दिवाणजींपेक्षा आमचं लग्नच बुडताना दिसत होतं.

"कांदिवलीला तबेल्यांपाशी गुरांचे डॉक्टर आहेत," नीला म्हणाली. "तिथे न्या! लगेच!"

पिंजरा उचलायला दोन माणसं लागत. धोंडूने घरातून झाकणाची गोल टोपली आणली, दिवाणजींना आत ठेवलं आणि वरून आपला लाल पंचा घट्ट बांधला. उन्हाची काहिली होती म्हणून मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि टोपली काखेत मारून पळत सुटलो.

नाक्यावर टांगा उभा होता. टांगेवाल्याने आधी टोपली बघितली, मग माझा टॉवेल. "नहीं भैया! साप लेके मेरे टांगे में नहीं!"

"अरे, साप नहीं है, सरडा है!"

"आज के दिन सब ऐसाच बोलता है!" म्हणून त्याने घोडा हाकला. मी घोडबंदर रोडने चालायला लागलो. मानेवर विलक्षण आग होत होती. म्हटलं, ऊन आणि भीती, दुसरं काय!

कांदिवलीच्या पहिल्या चाळीपाशी पोचलो आणि गॅलरीतून हाक आली, "अगं शुभा, दूध आण गं! गारुडी आला!"

मी मागे वळून बघितलं. गारुडी कुठेच नव्हता. मग लक्षात आलं.

बघता बघता दहा-पंधरा बायकांनी मला घेरलं. नऊवारी, नथी, हातात दुधाच्या वाट्या, लाह्या, हळदकुंकवाचे करंडे. मी पुढे सरकलो की त्या पुढे सरकत.

"टोपली खाली ठेवा की!" शुभा नावाची ती बाई म्हणाली.

"बाई, यात नाग नाही. घोयरा आहे!"

"कुठल्या जातीचा?"

"सरड्याच्या! आजारी आहे, डॉक्टरकडे नेतोय!"

"आजारी नागोबा!" शुभाताई कळवळल्या. "अगं बायांनो, मग तर दूध पाजायलाच हवं!"

"सकाळपासून वाट बघतोय आम्ही," दुसरीने दम भरला. "आणि हा सणाच्या दिवशी नागोबाला सरडा म्हणतो! तोंड सांभाळून बोल रे!"

पंच्यावर दूध ओतलं गेलं. लाह्या पडल्या. कुंकू टोपलीला लागलं, मग माझ्या कपाळालाही. मी हात जोडले, विनवण्या केल्या, एकदा तर ओरडलोसुद्धा. शेवटी कुणीतरी पंच्याची गाठ सोडली आणि झाकण उघडलं. दिवाणजींनी काळंठिक्कर डोकं हळूच वर काढलं, एक डोळा बायकांकडे फिरवला आणि एक पाय टोपलीच्या काठावर ठेवला.

बायका दोन पावलं मागे सरकल्या.

"नागोबाला पाय कधी फुटले?" मागून एकीने विचारलं.

"फसवतोय मेला!" शुभाताईंची नथ थरथरली. "सरडा दाखवून दूध उकळतोय!"

आणि त्या गर्दीतून वाट काढत, हातात लाह्यांची परडी घेतलेल्या एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. रत्नप्रभाबाई! माझ्या होणाऱ्या, किंवा आता कदाचित न होणाऱ्या सासूबाई! त्यांनी माझा टॉवेल बघितला, कपाळावरचं कुंकू बघितलं, टोपली बघितली.

"नंदकिशोर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "गोदामातली नोकरी सुटली का?"

मला रडूच कोसळलं. हो, मंडळी, सव्वीस वर्षांचा बाप्या मी भर रस्त्यात हुंदके देऊन रडलो. सगळं सांगून टाकलं. गोदामातले सोंडे, मारलेली बढाई, फूलकिडा, हिंगा, सगळं! "मला एकही किडा ओळखता येत नाही, काकू! आणि आता दिवाणजी मरणार!"

बायकांचा राग तिथेच विरला. शुभाताईंनी पदराने डोळे टिपले. एका म्हाताऱ्या आजींनी मला पायरीवर बसवलं, पाण्याचा तांब्या दिला आणि माझ्या मानेवरून हात फिरवायला गेल्या तो चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अरे लेकरा, हे फोड कसले?"

"कसले फोड?"

"चिंचोक्याएवढाले! चार!"

रत्नप्रभाबाई पुढे झाल्या, त्यांनी दोन बोटांनी माझी कॉलर उलटी केली. पायरीवर टप्पकन काहीतरी पडलं. काळं, नारिंगी पट्ट्यांचं, पार चेंगरलेलं. मी वाकून बघितलं. एक पंख अर्धा फाटलेला होता!

"हाच तो!" मी उडीच मारली. "हाच हिंगा! दिवाणजींनी खाल्लाच नाही! थुंकला! मी वाकलो होतो, तो माझ्या कॉलरमध्ये पडला!"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं. मान धगधगत होती, पण मला इतका आनंद झाला की मी शुभाताईंच्या पाया पडलो, आजींच्या पडलो, चुकून टोपलीच्याही पडलो. सावलीत ठेवल्यावर दिवाणजी हळूहळू हिरवे होत होते. आजींनी फोडांवर खोबरेल लावलं. बायकांनी उरलेल्या लाह्या मला खाऊ घातल्या. रत्नप्रभाबाई तेवढ्या हिंग्याकडे बघत म्हणाल्या, "आजच्या दिवशी जीव मारलात तो मारलातच." पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, मी बघितलं.

संध्याकाळी मार्तंडराव आले. मी ठरवूनच बसलो होतो. नीला दाराआड, रत्नप्रभाबाई पाटावर, आणि मी मान वाकडी करून त्यांच्यासमोर. पुन्हा सगळं सांगितलं, एक अक्षर न गाळता. म्हणालो, "मी खोटं बोललो. तुम्ही नाही म्हणालात तर माझं काही म्हणणं नाही."

मार्तंडराव उठले. येरझाऱ्या घालायला लागले. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, संपलं.

"थुंकला?" ते म्हणाले.

"हो."

"तोंडात घेऊन मग थुंकला?"

"हो."

"म्हणजे दिवाणजींना हिंगा कळतो!" ते एकदम ओरडले. "अहो, चवीनं कळतो! नऊ वर्षं मी उगाच घाबरतोय! नीला, माझी वही आण! दौत आण!"

"आणि बाबा, ते लग्नाचं?" नीलाने दाराआडूनच विचारलं.

"हो हो, करा की! कार्तिकात करा!" वही उघडत ते म्हणाले. "ते राहू दे. नंदकिशोर, नीट आठवून सांगा. तोंडात घेतल्यापासून थुंकेपर्यंत किती सेकंद गेले?"

मी नीलाकडे बघितलं. ती दारातून हात जोडून, डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. खरं म्हणजे मला तो थुंकलेला दिसलाच नव्हता. मी पाणी पुसत होतो!

"तीन," मी म्हणालो. "बरोबर तीन!"

"वा! निरीक्षण चांगलं आहे तुमचं," मार्तंडराव म्हणाले आणि त्यांनी ते शाईने लिहून घेतलं.