गुणाकाराची अंडी

मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! ऑफिसात दिवसभर मी दुसरं करतो काय? म्हणून मेव्हण्याच्या बेकरीचा माल कॉम्प्युटरवरून मागवायचं मी परस्पर ठरवून टाकलं.

दुकानं तीन. एक त्याचं, एक सासूबाईंचं, एक त्याच्या चुलतभावाचं.

"हे बघ, एका कोष्टकात कुठल्या दुकानाला किती ब्रेड, केक, बिस्किटं हवीत ते. दुसऱ्यात कशाला किती पीठ, साखर, अंडी लागतात ते. दोन्हींचा गुणाकार केला, की प्रत्येक दुकानाचा माल हजर!"

"भावोजी, उद्या लग्नाचा केक द्यायचाय हो," मेव्हणा चाचरला.

"तू निर्धास्त राहा!"

मी बटण दाबलं. यादी थेट घाऊक व्यापाऱ्याकडे.

सकाळी फोन खणाणला. "भावोजी, पीठ आलं, साखर आली, अंडी शून्य! केक काय तुमच्या थापांनी फुगवू?"

तो ठेवतोय तोवर सासूबाईंचा! आवाज अगदी मऊ.

"जावईबापू, दारात टेम्पो उभाय. दोन हजार चारशे अंडी. मी बिस्किटं विकते हो, कोंबड्या पाळत नाही!"

घाईघाईने प्रोग्रॅम उघडला. मी वापरतो त्या प्रोग्रॅमिंगच्या लायब्ररीत मॅट्रिक्सच्या गुणाकाराला ई-मेलच्या पत्त्यात असतं ते चिन्ह लागतं. मी टाकलं होतं ताऱ्याचं! ताऱ्याने दोन्ही कोष्टकांतले नुसते त्याच जागेवरचे आकडे गुणले जातात. एकात दुसरी ओळ सासूबाईंची, तर दुसऱ्यात केकची! सासूबाईंच्या बिस्किटांच्या चारशे पुड्यांना त्याने केकची सहा-सहा अंडी लावली होती, आणि मेव्हण्याच्या बिस्किटांना ब्रेडची अंडी, म्हणजे भोपळा! दोन्ही कोष्टकं तीन बाय तीन, त्यामुळे कॉम्प्युटरनेही हूं की चूं केलं नाही.

"स्कूटर काढतेय. चला!" बायको गरजली.

सासूबाईंकडून मेव्हण्याकडे निघालो. मांडीवर अंड्यांचे ट्रे, हनुवटीखाली अंड्यांचे ट्रे, मी मधे फ्रेममधल्या फोटोसारखा.

"अगं, खड्डा!"

"दिसतोय! तुम्ही श्वाससुद्धा घेऊ नका!"

एक ट्रे माझ्या शर्टाला अर्पण झाला, पण केक वेळेत गेला. मेव्हण्याने मला आत न घेता, दारातूनच टॉवेल दिला.

उरलेल्या अंड्यांचं काय? सासूबाईंनी दुकानाच्या दारात शेगडी मांडली आणि ऑम्लेटं विकायला काढली. संध्याकाळपर्यंत कोपऱ्यापर्यंत रांग! बिस्किटांकडे कुणी ढुंकून बघेना.

मी मात्र मान खाली घालून चिन्ह दुरुस्त केलं. चारदा तपासलं. आता माल अगदी काटेकोर जातो, एक अंडं इकडचं तिकडे होत नाही.

आणि रोज सकाळी सासूबाईंचा फोन येतो, "जावईबापू, तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय वाटतं. आजही अंडी कमीच आली!"