सोनबा वकिलाच्या अखेरच्या मसलतीचे वृत्त

मुक्या जिवांच्या पाठीवर ज्याचा हात, त्या परमेश्वरास वंदन करोन हे वृत्त लिहावयास घेतले. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. दोन खोल्या आणि एक गॅलरी येवढे ते राज्य, तेथे त्र्यंबकराव आणि मथुराबाई ऐसे वृद्ध दांपत्य नांदत होते. कन्या रेवती इने आपले मर्जीने विवाह केला, आणि त्र्यंबकराव लग्नास गेले नाहीत, आणि त्या दिवसापासोन कन्येने पित्याशी आणि मथुराबाईंनी पतीशी बोलणे टाकिले. मग राज्यकारभार चालावा कैसा? तर कन्येने मागे ठेविलेला पिवळा बोका सोनबा, तोच उभयतांचा वकील जाहला. बाई म्हणत, "सोनबा, सांग त्यांना, आमटी निवतेय." आणि राव म्हणत, "सोनबा, सांग तिला, मीठ विसरलीये." आणि बाई म्हणत, "म्हणावं, मीठ आहे, जीभ मेलीये तुमची." ऐसी वकिली सोनबाने कैक वर्षे मिशी न हलविता केली.

तो या मार्गशीर्षात वकिलाने अन्न वर्जिले आणि अंग गळाले, मग उभयतांनी त्यास टोपलीत घालोन प्राण्यांचे दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासिले आणि पुसिले, "हा पाणी फार पितो का हो?" राव बोलिले, "छे. सकाळी मी वाटी भरतो, तेवढीच." तो मथुराबाई डॉक्टरीणबाईंकडे पाहोन बोलिल्या, "दुपारी ती रिकामी असते, म्हणून मी भरते. संध्याकाळीही भरते." मूत्रपिंडे थकली म्हणजे मांजरास तहान अनावर होते, हे डॉक्टरीणबाईंनी हळुवार समजाविले आणि म्हणाल्या, "पुष्कळ घरांत लक्षात येत नाही, काका." परंतु रावांचे मनी आले की, पुष्कळ घरांत माणसे एकमेकांस सांगतात तरी.

मग सलाईन जाहले आणि सोनोग्राफी जाहली आणि पिंजऱ्यातील मुक्काम जाहला, आणि प्रत्येकाची पावती मागल्या पावतीहून लांब. रावांनी म्हातारपणासाठी राखिलेली मुदतठेव मोडिली आणि घरी ब्रदेखील काढिला नाही. रोज संध्याकाळी रेवती मातेस फोन करोन सोनबाची खुशाली पुसे, तेव्हा राव गॅलरीत वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा चाचपीत आणि कान आत ठेवीत. आत बाई म्हणत, "आज दोन घास खाल्ले गं." ते असत्य, हे रावांस ठाऊक होते.

मग डॉक्टरीणबाईंनी उभयतांस बसवोन सांगितले की, अजून ठेवू म्हणाल तर ठेवू, खर्च याहून वाढेल, आणि तो बरा होईल ऐसे वचन मी देत नाही. राव टोपलीपाशी वाकले आणि सवयीने बोलिले, "सोनबा, विचार तिला, काय करायचं?" सोनबाने मान उचलिली नाही. मथुराबाई बोलिल्या, "त्याला कशाला विचारायला लावता? मला विचारा."

राव बाईंकडे वळले. म्हणाले, "दुसरी ठेव आहे अजून. मोडू का?"

"मोडून तो बरा होणारे का?"

"नाही गं."

"मग घरी नेऊ त्याला. सुया पुरे झाल्या."

मग सोनबास घरी आणिले आणि मऊ लुगड्यावर निजविले, आणि एक बाजूस राव आणि एक बाजूस बाई बसल्या, आणि दुसरे दिवशी सकाळी ऊन गॅलरीत आले तेव्हा वकील शांतपणे निघोन गेला. राव बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवोन होते. बाई पदराने डोळे पुसोन म्हणाल्या, "रेवतीला कळवायला हवं." आणि आपला फोन रावांपुढे ठेविला. "तुम्ही कळवा."

राव म्हणाले, "माझ्याशी ती बोलेल?"

"ते मला नाही माहीत."

रावांनी नंबर लाविला. पलीकडोन आवाज आला, "हां आई, बोल. कसा आहे तो?"

राव म्हणाले, "मी बोलतोय, बाळा."

मग रेवती बोलिली, "गेला का हो, बाबा?"

येणेप्रमाणे सोनबाची वकिली संपली. ठेव गेली, वकील गेला, आणि मागे राहिलेल्यांस आपले बोलणे आपणच बोलावे लागले. हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.